बाळ गेल्यावरचं अन्वेषण: नोटीस बाजूला ठेवा, ते बाळ आपल्या हातात कधी कधी येऊन गेलं ते आधी शोधा

डॉक्टर, तुमचा प्रश्न नीट वाचला. साडेतीन महिन्यांची मुलगी, जन्मवजन १९०० ग्रॅम, पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) दारात आणली तेव्हा धाप लागलेली, ऑक्सिजन लावेपर्यंत गेली. कागदावर 'निमोनिया'. लगेच आशाताईला कारणे दाखवा नोटीस, अंगणवाडी सेविकेचं मानधन थांबवायची भाषा, आणि टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) म्हणतात तुम्हीच अन्वेषण करून द्या. तुम्ही विचारलंत की घरी कधी जाऊ, काय विचारू, आणि अहवाल कसा लिहू की खरं पण बाहेर येईल आणि एखाद्या गरीब बाईचा बळी पण जाणार नाही. मी मेळघाटात आणि नंतर जिल्ह्याच्या बालमृत्यू समितीवर बरीच वर्षं हेच काम केलंय, आता रिटायर आहे, म्हणून सविस्तरच लिहितो.

सगळ्यात आधी टीएचओंना प्रत्यक्ष जाऊन भेटा, फोनवर नको, आणि म्हणा की अन्वेषण होईपर्यंत ती नोटीस थांबवा. यात आशाची बाजू घेण्याचा प्रश्नच नाही. नोटीस हातात पडलेली बाई तुम्हाला खरं काही सांगणार नाही, ती रात्री बसून रजिस्टर पूर्ण करेल, आणि ज्या एका माणसाला त्या घरातलं सगळं माहीत आहे तीच तुमच्यासाठी बंद होईल. शिवाय आजूबाजूच्या सगळ्या गावांतल्या आशा हे बघत असतात. पुढच्या वेळी एखादं बाळ जन्मून दोन तासांत गेलं की ते 'उपजत मृत्यू', म्हणजे मेलेलंच जन्मलं, म्हणून लिहिलं जातं, नाहीतर 'बाई माहेरी होती, मृत्यू बाहेरगावचा'. मी समितीवर असताना तालुक्याचा कागद आला की पहिल्यांदा उपजत मृत्यूचा रकाना बघायचो. पहिल्या आठवड्यातले मृत्यू अचानक कमी झालेत आणि उपजत जवळपास तेवढेच वाढलेत असं दिसलं की समजायचं मुलं वाचली नाहीत, नुसता रकाना बदललाय, आणि हे बहुतेक वेळा कुठल्यातरी कारवाईनंतरच्या महिन्यात दिसायचं.

आपल्याकडे हे दुखणं जुनंच आहे. मेळघाटातल्या बालमृत्यूंवर हायकोर्टात याचिका नव्वदच्या दशकापासून चालू आहेत, १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली, तरी २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या १३ संस्थांनी गावोगाव मृत्यू मोजले तेव्हा सरकारी आकड्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले, आणि मग त्यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. तेव्हापासून सुधारणा खूप झाली आहे, ते मान्य करायलाच हवं, २०२० च्या एसआरएसमध्ये, म्हणजे केंद्राच्या नमुना नोंदणीत, महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजारी १६ होता आणि देशाचा २८. पण राज्याच्या सरासरीत धारणी, चिखलदरा, मोखाडा, भामरागड हे आदिवासी तालुके दिसत नाहीत, ते दिसतात ते फक्त एकेका मृत्यूच्या कागदात, म्हणून तो कागद खरा असणं एवढं महत्त्वाचं.

बाहेरचं एक उदाहरण देतो कारण आधी दोषी शोधण्याची किंमत त्यांची मोजून झालीय. लंडनमध्ये हॅरिंगे नावाचा भाग आहे. तिथे २००० साली व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी घरातल्या छळाने गेली, तिला सांभाळायला घेतलेल्या नातेवाईक बाईने आणि तिच्या जोडीदाराने छळ केला होता. मोठी चौकशी झाली, २००३ मध्ये लॉर्ड लॅमिंग यांचा अहवाल आला, १०८ शिफारशी. आणि त्याच हॅरिंगेमध्ये २००७ साली पीटर कॉनेली हे सतरा महिन्यांचं बाळ तसंच गेलं, आणि त्याच्या शेवटच्या आठ महिन्यांत डॉक्टर, सोशल वर्कर, नर्स मिळून साठेक वेळा कुणी ना कुणी त्याला बघितलं होतं. पेपरांनी रान उठवलं, मंत्र्यांनी टीव्हीवरच तिथल्या बालसेवा विभागाच्या डायरेक्टर बाईंना हटवत असल्याचं जाहीर केलं, जी कारवाई पुढे अपील कोर्टात बेकायदा ठरली. मग प्रोफेसर आयलीन मन्रो यांना अभ्यासाला बसवलं, २०११ चा त्यांचा अहवाल साधारण असं सांगतो की दर मृत्यूनंतर नवा नियम आणि नवा फॉर्म वाढवत गेलात तर माणसं मुलाकडे बघायचं सोडून फॉर्मकडे बघायला लागतात, म्हणून 'कोण चुकलं' इथे थांबू नका, त्या माणसाला त्या वेळी ते वागणं बरोबर का वाटलं ते विचारा. तिथलं प्रकरण छळाचं, आपलं कुपोषण, आजार आणि अंतराचं, दोन्ही एक नाहीत. पण हा प्रश्न दोन्हीकडे लागू पडतो आणि मी तो तिथूनच घेतला.

आता घरी जाण्याबद्दल. पहिल्या चार-पाच दिवसांत जाऊ नका, विधी चालू असतात, घर माणसांनी भरलेलं असतं. फार उशीरही नको, महिना उलटला की तास पुसट होतात आणि घरच्यांची एकच गोष्ट ठरून जाते. दुसऱ्या आठवड्यात जा. सोबत त्या गावची आशा आणि तिथली सिस्टर नको, कारण त्यांचंच काम तपासायचंय आणि त्यांच्यासमोर आई 'ताई येत होत्या की' एवढंच म्हणेल. दुसऱ्या गावची, तिथली भाषा बोलणारी बाई घ्या. मेळघाटात तिथली कोरकू भाषा येणारी बाई सोबत नसली तर आईचं बोलणं तिच्या नवऱ्याकडून हिंदीत कळायचं आणि त्यात अर्धी आई गळून जायची. गाडी लांब उभी करा, चारजण फाइली घेऊन दारात उभे राहिले तर ती चौकशीच वाटते.

फॉर्म लगेच उघडू नका. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये व्हर्बल ऑटोप्सीचे, म्हणजे घरच्यांना विचारून मृत्यूचं कारण ठरवायचे, फॉर्म आहेत, २८ दिवसांपर्यंतच्या बाळाचा वेगळा आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंतचा वेगळा, शिवाय सोशल ऑटोप्सीचा, म्हणजे घरची परिस्थिती आणि उपचाराला उशीर का झाला याचा, स्वतंत्र आहे. तो तिसरा फॉर्म आपल्याकडे सगळ्यात घाईत भरला जातो आणि खरं सगळं तिथेच असतं. आधी आईला म्हणा, मुलीबद्दल सांग, कशी होती. तिला बोलू द्या, मधे तोडू नका, आजी उत्तर द्यायला लागली तर आजीचंही ऐका पण नंतर आईला एकटीला पुन्हा विचारा. वेळ घड्याळात विचारू नका. बाजाराच्या आधी की नंतर, गुरं घरी यायच्या वेळी की चूल पेटवताना, असं विचारलं की तास बरोबर सापडतात. लक्षणं पण तशीच. 'श्वासाला त्रास होता का' याला सगळे हो म्हणतात, त्याऐवजी 'पोट उडत होतं का, बरगड्या आत जात होत्या का, पाजायला घेतलं तर ओढत होती का, रडायचा आवाज बारीक झाला होता का' असं विचारा.

मग एक मोठा कागद घ्या आणि आजारपणाच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांची रेघ मारा. वर बाळाची अवस्था, मधे घरच्यांनी काय केलं, खाली आपल्या यंत्रणेतलं कोण त्या वेळी कुठे होतं आणि त्याला काय माहीत होतं. हा तिसरा भाग कुणी करत नाही. एक केस सांगतो, गाव सांगत नाही. दोन महिन्यांचं बाळ होतं, पीएचसीचा अहवाल एका ओळीचा, 'पालकांचे अज्ञान व अंधश्रद्धा, भूमकाकडे नेल्याने उशीर'. भूमका म्हणजे गावचा मांत्रिक-वैदू. बाळाच्या पोटावर डंबा दिल्याच्या, म्हणजे डागण्याच्या खुणा होत्या, त्यामुळे सगळ्यांनाच ते पटलं. रेघ मारायला बसलो तर कळलं की आई-बाप बाजाराच्या दिवशी सकाळीच उपकेंद्रावर आले होते, बाळ नीट ओढत नाही म्हणून. उपकेंद्राला कुलूप. एक सिस्टर मोहिमेवर दुसऱ्या गावात, दुसरी जागा रिकामी, आणि आशा पीएचसीच्या मासिक मिटिंगला. त्यांनी दुपारपर्यंत ओट्यावर वाट बघितली, मग घरी गेले, संध्याकाळी बाळ जास्तच मलूल झालं तेव्हा भूमकाला बोलावलं कारण तो गावात होता आणि तो आला. रात्री बाप रेंज येते त्या टेकडीवर चढून १०८ ला फोन करत होता, गाडी नाल्याच्या पलीकडे थांबली कारण पाणी होतं, पहाटे बाळ झोळीत घालून नाला ओलांडला. म्हणजे उशीर भूमकाकडे झाला हे खरं, पण भूमका हे त्यांचं दुसरं दार होतं. पहिलं दार आपलं होतं आणि ते बंद होतं. अहवालात ही एक ओळ आली आणि पुढचं सगळं बदललं, कारण भूमकाला बदलायला आपल्याला पिढी लागेल, पण बाजाराच्या दिवशी उपकेंद्र उघडं ठेवायला एक ऑर्डर लागते.

तुमच्या केसमध्ये हेच शोधा. ती मुलगी जन्मापासून आपल्या कुणाकुणाच्या हातात, समोर, रजिस्टरमध्ये आली आणि तिथून काही न होता पुढे गेली. मी तुमच्या जागी असतो तर काय बघितलं असतं ते सांगतो. १९०० ग्रॅमची म्हणजे एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) होती का, असेल तर डिस्चार्जला वजन किती, तो कागद कुठल्या भाषेत, आणि डिस्चार्ज झाल्याचं आशाला कुणी कळवलं का की तिला गावात बाळ दिसल्यावर कळलं. आईने स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देऊन लवकर सुट्टी घेतली असेल तर का, घरी बाकीची पोरं कुणाजवळ होती, बुडीत मजुरी, म्हणजे दवाखान्यात राहिल्याने बुडालेल्या रोजाची भरपाई, मिळाली का. मग एचबीएनसी, म्हणजे आशाच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटी. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट, सहा भेटी. आशाच्या रजिस्टरला सहाच्या सहा भरलेल्या असतील. आता त्या तारखा आई कुठे होती याच्याशी ताडून बघा. माहेरी गेली असेल तर त्या भेटी कुणी केल्या? धारणीकडच्या बायका खंडवा-बुऱ्हाणपूरकडे कामाला किंवा माहेरी जातात, राज्यच बदलतं, इकडच्या आशाला वाटतं तिकडची बघेल आणि तिकडच्या आशाला ती बाई माहीतच नसते. तारीख खोटी निघाली तर लगेच 'बनावट नोंद' म्हणून उड्या मारू नका, आशाला बाजूला बसवून विचारा की असं का लिहावं लागलं. बहुतेक वेळा उत्तर येतं की भेट अपुरी दाखवली तर पैसे कापतात आणि मिटिंगमध्ये उभं करतात. हे उत्तर आपल्या व्यवस्थेबद्दलचं आहे आणि अहवालात जायला हवं.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा, कारण तुमची मुलगी साडेतीन महिन्यांची होती. बेचाळिसाव्या दिवशी एचबीएनसी संपतं. त्यानंतरच्या घरभेटींचा कार्यक्रम एचबीवायसी, त्याची पहिली भेट तिसऱ्या महिन्यात. मधल्या दीड-पावणेदोन महिन्यांत त्या बाळाला आपल्यापैकी कुणी बघायचं तर ते लसीच्या दिवशी आणि अंगणवाडीच्या वजनाच्या दिवशीच. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची लस झाली का, त्यात सहा आणि चौदाला निमोनियाची पीसीव्ही असते ती मिळाली का, आणि माझ्या मते याहून मोठा प्रश्न, लस टोचली तेव्हा कुणी बाळाचे कपडे काढून वजन केलं का. लसीच्या दिवशी सिस्टर समोर, आशा समोर, सेविका समोर, तिघी एका खोलीत आणि बाळाचं वजन तिसऱ्याच रजिस्टरमध्ये, असं कितीतरी वेळा बघितलंय. एमसीपी कार्ड (आई-बाळाचं कार्ड) मागून घ्या, त्यावरचा वाढीचा आलेख उघडा. ठिपके आहेत का, ते जोडलेत का, रेघ आडवी झाली असेल तर कुठल्या महिन्यात, आणि त्या दिवशी कार्ड कुणाच्या हातात होतं. आई-बापांनी ते कार्ड बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं असतं.

इथे आरोग्य आणि महिला-बालविकास यांची ओढाताण सुरू होईल, तयारी ठेवा. आरोग्य म्हणेल बाळ कुपोषित होतं, अंगणवाडीने सांगितलं नाही. सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) म्हणतील मृत्यू निमोनियाने, आमचा संबंध नाही. दोघांचंही ऐकून कागदावर दोन्ही लिहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाच वर्षांखालच्या मृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्क्यांमध्ये कुपोषणाचा हात असतो, पण मृत्यूच्या कागदावर ते क्वचितच येतं, कारण तिथे शेवटचा आजार लिहितात. तुम्ही लिहा 'निमोनिया, कमी जन्मवजन, वजनवाढ थांबलेली', तिन्ही एकत्र. आणि अंगणवाडीची पर्यवेक्षिका, आशांवर देखरेख करणारी गटप्रवर्तक, सिस्टर, आशा, सेविका यांना एका टेबलवर बसवून तीच रेघ त्यांच्यासमोर ठेवा. आवाज चढेल, चढू द्या, पण नियम एकच, 'मी असते तर' आणि 'कळायला हवं होतं' हे शब्द बंद. मृत्यू झाल्यावर मागे बघितलं की सगळंच स्पष्ट दिसतं. त्या दिवशी त्या बाईसमोर चाळीस बाळं होती, त्यातलं हे एक होतं.

शिफारशींबद्दल मला खरंच राग येतो म्हणून स्पष्ट लिहितो. 'आशा कार्यकर्तीस समज देण्यात आली', 'जनजागृती करावी', 'पालकांचे समुपदेशन करावे', असली वाक्यं लिहू नका, त्याने एकही बाळ वाचलेलं मी बघितलं नाही. कुठल्या माणसाने, कुठल्या तारखेपर्यंत, काय बदलायचं एवढं लिहा, आणि तीनच लिहा. उदाहरणार्थ, २५०० ग्रॅमच्या आतल्या प्रत्येक बाळाचं वजन दर लसीच्या दिवशी सिस्टर स्वतः करतील आणि कार्डावर ठिपका लावतील. एसएनसीयूतून डिस्चार्ज होताना गटप्रवर्तकाला फोन जाईल, फोन कोण करणार त्याचं पदनाम लिहा. आशा मिटिंगला जाईल त्या दिवशी गावासाठी कोण, ते आदल्या दिवशी ठरलेलं असेल. जे तुमच्या हातात नाही, रिकामी जागा, नाल्यावरचा पूल, ते कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या आढाव्यात मांडा, पण मृत्यूचा नंबर लावून मांडा. 'पूल हवा' याला उत्तर मिळत नाही, 'या पुलाअभावी या तारखेला हे बाळ चार तास अडकलं' याला मिळतं, निदान प्रोसिडिंगमध्ये नोंद होते. आणि तीन महिन्यांनी स्वतः जाऊन बघा त्यातलं काय झालं, ते कुणी तुम्हाला सांगणार नाही.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कुणी पैसे मागितले, कुणी ड्युटीवर पिऊन होतं, कुणी मृत्यूनंतर रजिस्टर फाडलं, तर त्याची रीतसर खातेनिहाय चौकशी व्हायलाच हवी, मी कुणाला पाठीशी घाला म्हणत नाही. पण ती चौकशी दुसऱ्या अधिकाऱ्याने, दुसऱ्या कागदावर करावी, तुमच्या अन्वेषणातले जबाब तिथे वापरायचे नाहीत. दुसरं, अंगावर मारल्याच्या खुणा, न जुळणारी हकीकत, मूल बालगृहातलं किंवा आश्रमशाळेतलं असेल तर हे अन्वेषण बाजूला ठेवा, पोलिसांना कळवा, पोस्टमॉर्टेम झालं पाहिजे. बालगृहाचं असेल तर बालकल्याण समितीलाही कळवा. डागल्याच्या खुणा असतील तर त्या नोंदवा, पण मृत्यूचं कारण म्हणून तिथेच थांबू नका, वरची केस त्यासाठीच सांगितली.

आणि ती आई. हे फॉर्ममध्ये नाही म्हणून सांगतो. बाळ गेलं की आपल्या भेटी थांबतात, कारण भेट बाळासाठी होती. त्या बाईला दूध येत असतं, छाती दगडासारखी होते, ताप येतो, आणि तिच्याकडे कुणी फिरकत नाही, आशा घाबरून त्या गल्लीतून जात नाही. तुम्ही जाल तेव्हा दुसऱ्या गावच्या सिस्टरकडून तिची तपासणी करून घ्या, हिमोग्लोबिन बघा, झोप लागते का, जेवते का ते विचारा, गप्प गप्प असेल तर दोन आठवड्यांनी परत कुणालातरी पाठवा. तिला आणि तिच्या नवऱ्याला सरळ सांगा की तुम्ही बाळाला आणलंत ते बरोबर केलंत, आणि आमच्याकडून काय राहिलं ते पण सांगा, लोकांना वाटतं त्यापेक्षा ते शांतपणे ऐकतात, राग येतो तो लपवल्याचा येतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत होते ना ते तुम्हीच बघा, त्यांना तालुक्याला हेलपाटे घालायला लावू नका. आणि तिचं नाव आत्ताच आशाच्या यादीत वेगळ्या खुणेने घालून ठेवा. अशा बाईला बऱ्याचदा वर्षाच्या आत परत दिवस जातात, ते बाळही कमी वजनाचं होण्याची शक्यता असते, त्यामुळे अंतर ठेवण्याबद्दल दोघांशी आत्ताच बोला आणि दिवस गेलेच तर पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी, लोहाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची तपासणी, हे ती उपकेंद्रावर येईल याची वाट न बघता तिच्या घरी जाऊन सुरू करा.

भेट झाल्यावर ती दहा दिवसांची रेघ मारून पाठवा, नावं काढून टाका, मी बघून सांगतो कुठे अजून विचारायला हवं.